पहिलं कणीस कुणाचं

माझं माहेर खांडबाऱ्याचं. वडिलांचं तिथल्या बाजारात किराण्याचं दुकान, आणि घरात भात. सकाळी भात, संध्याकाळी भात, पाहुणा आला तर जरा जास्त भात. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या जावेनं परातभर पीठ माझ्यापुढे सरकवलं. मी नुसती बघत बसले. ती म्हणाली, "काय दखी ऱ्हायनी? पीठ शे, चावस नही." सगळं स्वयंपाकघर हसलं. मला असा राग आला की पहिली भाकरी मी तव्यावर आपटलीच. ती फाटली. दुसरीही फाटली. तिसरी थोरलीनं माझ्या हातातून काढून घेतली आणि थापता थापता म्हणाली, राग पिठात मळू नये, भाकरी कडू होते.

तर ती ही थोरली. पुढे जे सांगणार आहे ते तिचंच आहे, म्हणून तिची ओळख आधी करून देते. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी. वावरातून हाक मारली की ओट्यावरचं कुत्रं उठून उभं राहायचं. नम्रता वगैरे गुण देवानं तिला दिले नाहीत आणि तिनं मागितलेही नाहीत. माझ्या नाकावर राग, तिच्या जिभेला धार. एका चुलीवर आम्ही दोघी कशा टिकलो याचं गावाला अजून नवल वाटतं. मला विचाराल तर तिच्याइतकी डोक्याची बाई मी आयुष्यात पाहिली नाही. हे मी तिच्या तोंडावर मात्र कधी म्हणणार नाही, उगाच चढायची.

ते पीठ होतं दादरचं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पावसाळा सरता सरता काळ्या जमिनीत पेरायची आणि मग वरून पाण्याचा थेंब नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते, डोक्याच्या वर जाते, आणि तिची भाकरी दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ राहते. भाताच्या घरातली मी, पण वर्षाच्या आत अशी बाटले की माहेरी गेले तरी पिशवीत दादरचं पीठ घेऊन जायची. आई म्हणायची, आमचं अन्न गोड लागत नाही का गं आता? मी म्हणायची, लागतं, पण पोट भरत नाही.

दादर आम्ही विकायला पेरत नव्हतो. खालच्या वावरात, बोअरच्या पाण्यावर, कापूस, मिरची, पपई, जे काय पैशाचं असेल ते. वरच्या वावरात दादर, घरच्या ताटासाठी. आणि हुरड्यासाठी. सारंगखेड्याची यात्रा उठली, घोडेवाले आपापल्या गावी गेले, की दादर निसवायला लागते, म्हणजे पानांतून कणीस बाहेर पडतं. संक्रांतीच्या आसपास दाणा दुधात येतो. मग आमच्या सासऱ्यांना, आबांना, घरात चैन पडत नसे. बांधावर आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, चर्र वाजलं की काढायची आणि गरम गरम हातावर चोळायची. लसणाची चटणी, गूळ, दही. आबांच्या हुरड्याला तापीच्या दोन्ही काठांवरून माणसं यायची. आणि त्यांचा एक नेम होता: पहिलं कणीस पाहुण्याचं. घरच्यानं आधी दाणा तोंडात टाकायचा नाही. आम्ही सुना तोंडाला पाणी सुटून उभ्या, आणि आबा म्हणायचे, "आपलं काय, आपन ते सालभर खातस."

खरं होतं ते. सालभर खातच होतो, जोवर दादर पिकत होती तोवर.

मग माघाचं ऊन बदललं. मी लग्न होऊन आले तेव्हा माघात गोधडी सुटत नव्हती. आता माघातच पंखा लावायची पाळी आली. दुपारी वारा असा सुटायचा की वाळत घातलेलं लुगडं दोरीवरून काढेपर्यंत खरखरीत व्हायचं. दादर बाहेरून उभी दिसायची, ताट, म्हणजे धाट, हिरवं, कणीस मोठं. हातावर चोळलं की भुसा. दाणा पोचट, फुंकर मारली की उडून जाणारा. पहिल्या वर्षी आम्ही बियाण्याला बोल लावला. दुसऱ्या वर्षी पाखरांना. शेजारच्या काकू म्हणाल्या, घराला साडेसाती आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, मग अख्ख्या शिवाराची एकच रास आहे का हो? कारण सगळ्यांच्याच दादरचं ते झालं होतं.

बाजारातून ज्वारी आणायला लागलो. आबा अर्धी भाकरी टाकून ताट दूर सरकवायचे. वयानं त्यांचे दात गेलेले, डोळे अधू झालेले, गुडघे कुरकुरायचे. पण जीभ शाबूत होती, ती फसत नव्हती. आणि एके दिवशी जेठांनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्यानं, ओट्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं: यंदाचं गेलंच, आणखी एक वर्ष बघू. दाणा भरला नाही तर खालच्या बोअरची पाइपलाइन वर न्यायची आणि तिथंही पपई लावायची. दादर बंद. आमच्या ह्यांनी मान डोलावली. मोठा भाऊ बोलला की आमच्या ह्यांची मान आपोआप डोलते. जेठांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, भुसा पेरून भुसा काढायला कुणाला आवडतं? पण आत स्वयंपाकघरात थोरली चिमटा आपटून म्हणाली, "मी जित्ती शे तोवर दादर बंद व्हवाव नही."

मी म्हटलं, ऊन तुझ्या ऐकण्यातलं आहे का? ती म्हणाली, ऊन नसेल, दादर आहे.

त्याच वर्षीच्या खळ्यावरची गोष्ट. थोरली उफणत होती, मी खाली बसून जे काही थोडे दाणे पडत होते ते सुपात ओढत होते. वारा भुसा नेत होता, आणि भुशाखेरीज न्यायला फारसं काही नव्हतंच. एकदम तिचा हात थांबला. टोपलं डोक्याच्या वर तसंच धरलेलं.

"धाकली, हुरड्याचं कणीस कसं होतं गं यंदा?"

"कसं म्हणजे? गोड होतं."

"भरलेलं होतं का पोचट?"

"भरलेलंच की. पोचट असतं तर पाहुण्यांनी खाल्लं असतं का?"

टोपलं तिनं खाली टाकलं. भुसा माझ्या डोक्यावर. आणि तिथंच कमरेवर हात ठेवून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "भरेल दाना ते आपनच खाई टाका व!"

मला वाटलं बाईला ऊन लागलं. पण ती खाली बसली आणि मला समजावून सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचं तिलाच आणखी उमगत गेलं. एकाच वावरात सगळी ताटं एका दिवशी निसवत नाहीत. काही आठपंधरा दिवस आधी, काही मागून. आधीच्यांचा दाणा गरम वारा सुटायच्या आत भरून होतो. मागच्यांना दुधात असतानाच वारा गाठतो आणि दूध आटतं. आता आपण काय करतो? आधी भरलेलं कणीस दिसलं की आगटीत. तेच हुरड्याचं. कापणीला जे उरतं ते मागचं, आणि त्यातलं चांगलं बघून आपण बी ठेवतो. आबांच्या आजापासून हेच. आधीची कणसं पोटात, मागची कणगीत. थंडी होती तेव्हा काही बिघडलं नाही, उलट मागच्यांचा दाणा जास्त टपोरा भरायचा. पण पिढ्यान्‌पिढ्या पाहुणचार करता करता आपण दादरला उशीर करायला शिकवलं होतं.

मी थक्क झाले. डोक्यातला भुसा झाडायचंही विसरले. हुरडा मीही खाल्ला होता, खळ्यावर मीही बसले होते, गावातल्या सगळ्याच बाया बसतात. या दोन गोष्टी एकीला एक जोडून कुणी पाहिल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षाचा बेत तिनं तिथंच ठरवला. जी ताटं सर्वांत आधी निसवतील त्यांना खूण करायची, त्यांना हात लावायचा नाही, त्यांचंच बी धरायचं. तिचं एक जुनं लाल लुगडं होतं, त्याच्या आम्ही दोघींनी चिंध्या फाडल्या. यात्रा उठल्यावर रोज सकाळी भाकऱ्या उरकून वर जायचं आणि जिथं कणसाचं टोक बाहेर आलेलं दिसेल तिथं चिंधी बांधायची. फक्त एक गोष्ट राहिली. आबांना सांगायची. ज्या माणसानं जन्मभर पहिलं कणीस पाहुण्याला दिलं, त्याला कोणत्या तोंडानं म्हणायचं की यंदा देऊ नका? मी म्हटलं, तू सांग, तू थोरली. ती म्हणाली, तू सांग, तू लाडकी. असं करत करत राहूनच गेलं.

एका रविवारी आम्ही दोघी बाजाराला गेलो होतो. परतताना दुरूनच दिसलं, वरच्या बांधावर धूर. आम्ही धावत गेलो. आगटीभोवती पाहुणे बसलेले, आबा मधोमध, हात काळे, चेहरा असा खुललेला की काय सांगू. शेजारी कणसांची सालटं. आणि मांडीजवळ लाल चिंध्या, एकेक सोडवून, नीट घडी करून ठेवलेल्या.

आम्हाला बघून आबा पाहुण्यांना म्हणाले, "हाई मन्ही मोठी सून. मले कमी दिसस म्हनीसन पिकेल कणसले चिंध्या बांधी दिन्यात तिनी. अशी सून नशिबानं भेटस."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, आमच्या सुनांना सुचायचं नाही हो असं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात थोरलीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. आणि तीच बाई, शिवार हादरवणारी, मऊ आवाजात पाहुण्यांना विचारत होती की चटणी पुरते आहे ना, आणखी आणू का?

पाहुणे पांगले तेव्हा ती कडब्याच्या गंजीमागे गेली आणि ढसाढसा रडली. रडता रडता तिनं पाहुण्यांना शिव्या घातल्या, वाऱ्याला घातल्या, मला घातल्या. मी ऐकून घेतल्या, माझ्याही मनात त्याच होत्या. मग नाक पुसून उठली आणि वावरात शिरली. आबांचे गुडघे त्यांना वावराच्या पार टोकापर्यंत जाऊ देत नाहीत. तिकडच्या अंगाला काही चिंध्या उरल्या होत्या. ओंजळभर दाणे होतील, एवढंच.

त्या संध्याकाळी तिनं आबांना सगळं सांगितलं, काही न झाकता. आबा ऐकत राहिले. मग इतकंच म्हणाले, "म्हंजे मी तुन्हं बी आगटीमा भाजी टाकं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुनेचं कौतुक पाहुण्यांसमोर मिरवलं आणि त्याच हातानं तिची मेहनत निखाऱ्यात घातली, हे त्यांना सोसेना. कुणाच्या मनात काही नसताना झालेली चूक सर्वांत जास्त बोचते.

त्या वर्षीही उरलेली दादर पोचटच निघाली. जेठांनी पाइपवाल्याला फोन लावायला घेतला. तेव्हा आबा ओट्यावरून बोलले, अजून एक वर्ष. जेठ म्हणाले, आबा, मागच्या वर्षीही हेच ठरलं होतं. आबा म्हणाले, "ते साल तुम्हनं. हाई मन्हं." जेठांनी फोन खिशात ठेवला.

पाइपलाइनची जागा बघायला म्हणून जेठांनी कृषी खात्यातल्या एका साहेबांना आधीच बोलावून ठेवलं होतं. तरुण मुलगा, उन्हानं लालेलाल झालेला. थोरलीनं त्याला पाणी दिलं आणि पपई राहिली बाजूला, त्याच्यापुढे आपली कणसं धरली. मला वाटलं हसेल. पण त्यानं नीट ऐकलं, आणि वर एक नवी गोष्ट सांगितली. म्हणाला, काकू, ही सगळी बांधाच्या कडेची ताटं आहेत का? कडेच्या ताटाला जागा जास्त, ऊन जास्त, ते जागेमुळंही आधी निसवतं. त्याचं बी आधी येईलच असं नाही. वावराच्या मधलं, दाटीत राहूनही जे आधी आलं, ते खरं. थोरलीनं कणसं पसरली, कोणतं कुठलं ते आठवून आठवून कडेची वेगळी काढली. ओंजळीतले निम्मे गेले. मला हळहळ वाटली, तिला नाही. ती म्हणाली, दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलं. जाताना त्या मुलानं त्यांच्याकडचं लवकर येणाऱ्या ज्वारीचं बियाणंही पाठवतो म्हणून सांगितलं, आणि पाठवलं. तेही पेरलं एका बाजूला. चांगलं आलं, खोटं कशाला बोलू. फक्त भाकरी थापताना कडा चिरायच्या.

पुढच्या वर्षी ती उरलेली मूठ वावराच्या मधोमध पेरली. आणि निसवायला लागली तेव्हा त्या ओळींमधली बरीचशी ताटं गावाच्या आधी फुटली. थोरली त्यांच्यामधून हिंडायची, जे मागं राहिलं त्याला तिथंच उपटून गुरांना घालायची. आता आबा स्वतः बांधावर पहारा द्यायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हुरडा आहे, पण आठ दिवसांनी, मागच्या कणसांचा. लोक हसायचे. आबांच्या हुरड्याला मुहूर्त लागायला लागला म्हणायचे. आबा हसण्यावारी न्यायचे, पण कानशिलं तापलेली दिसायची.

आणि मग आत्याबाई आल्या.

आत्याबाई आबांची धाकटी बहीण. तापीपलीकडे दिलेली. तिशीच्या आत नवरा गेला, मूल एक, शेत थोडं. तिनं एकटीनं ते सांभाळलं. पण तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. हळदीला ती मागं, वाणाला मागं, ओटी भरायची वेळ आली की तिनं आपणहून उठून दुसऱ्या खोलीत जायचं. फक्त आमच्या बांधावर, आगटीशी, आबा तिला आधी बसवायचे आणि पहिलं कणीस तिच्या हातावर द्यायचे. वर्षातून एकदा ती सगळ्यांच्या पुढे असायची. त्यासाठी ती दोन बस बदलून यायची.

त्या दिवशी ती आली, बांधावर बसली, हात पुढे केला. आबा म्हणाले, "आवंदा पहिलं कणीस नही, बाई. आठ दिवस थांब."

"मले नही?" आत्याबाईंनी विचारलं. "मले?"

आबांनी मान खाली घातली. ती आमच्या थोरलीकडे वळली. कुठून आलं हे तिला बरोबर कळलं होतं. म्हणाली, कानामागून आली आणि तिखट झाली. भावाचं चालत होतं तोवर माझा या घरात मान होता, आता सुनांचं राज्य आलं. उठली, पिशवी घेतली आणि आली त्या रस्त्यानं गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

मी थोरलीवर तुटून पडले. एक कणीस दिलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का गं? तुला माणूस दिसतं की नाही? ती म्हणाली, "आत्याबाईले दिसू, ते मंग बठ्ठासले देनं पडी." म्हणजे एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल. मी म्हटलं, तुझं काळीज दगडाचं आहे. पुढचे कितीतरी दिवस तिचा आवाज असा उतरला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, घशाला काही झालंय का? तेव्हा मला कळलं की दगड-बिगड काही नव्हतं. आत्याबाईंचा हात पुढे झालेला तिनंही पाहिला होता.

पुढच्या पेरणीला बी पुरेसं होतं. पण जेठ म्हणाले, सगळं वावर तुझ्या प्रयोगाला देणार नाही, अर्धं तुझं, अर्धं आपलं जुनं. जुन्याचं बी त्यांनी कुठून कुठून मागून आणलेलं. थोरली म्हणाली, हेच पाहिजे मला. आणि त्या वर्षीचं माघाचं ऊन! देवा रे. दुपारी ओट्यावर पाय ठेववेना. माठातलं पाणी कोमट. वारा चुलीच्या तोंडातून आल्यासारखा. गावात सगळे आपापल्या बांधावर जायचे, एक कणीस चोळायचे, फुंकर मारायचे आणि घरी यायचे. आमच्या इथं कुणीच वर जाईना. थोरलीही नाही. मी म्हटलं, जाऊन तर बघ. ती म्हणाली, तू जा. पुन्हा तेच, तू जा, तू जा.

शेवटी जेठ गेले. आम्ही दोघी मागून. त्यांनी जुन्या अर्ध्यातलं कणीस तोडलं, डाव्या हातावर चोळलं, फुंकलं. हात रिकामा. मग थोरलीच्या बाजूचं तोडलं. कणीस लहान, जुन्यापेक्षा चांगलंच लहान, ताटही बुटकं, कडबा कमीच होणार होता. उजव्या हातावर चोळलं, फुंकलं. भुसा उडाला आणि दाणे तळहातावर राहिले, पांढरे, घट्ट. त्यांनी पुन्हा फुंकलं, जोरात. दाणे हलले नाहीत. जेठ आमचे मोजकंच बोलणारे. त्यांनी ते दाणे बायकोच्या हातावर ठेवले, खिशातून फोन काढला आणि पाइपवाल्याला सांगितलं, वरचं राहू दे.

थोरली माझ्या गळ्यात पडली. वजनानं मी पडता पडता वाचले. मला इतका आनंद झाला होता की तिला चिमटा काढल्याशिवाय राहवेना, म्हणून म्हटलं, कणीस बाकी अगदीच बारकं आहे हो तुमचं. ती म्हणाली, तूही बारकीच होतीस आलीस तेव्हा.

पहिली भाकरी आबांच्या ताटात गेली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी सावकाश चघळली. म्हणाले, जुनीची गोडी हिला नाही. थोरलीचा चेहरा पडला. मग त्यांनी दुसरी मागितली, आणि तिसरी, आणि ताट पुसून खाल्लं.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दोन वर्षं हसणारे सगळे बियाण्याला आले. थोरली प्रत्येकाला आधी चार शब्द ऐकवायची, मग सूप भरून द्यायची. सगळ्यांना एकच बजावून सांगायची: हुरडा करा, खुशाल करा, पण मागच्या कणसांचा. पहिलं कणीस बियाण्याचं.

आणि पेरणी तोंडावर आली असताना एका दुपारी आत्याबाई आल्या. पायरीशीच उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत. वाळल्या होत्या. काखेत कापडी पिशवी, घडी घातलेली. थोरलीकडे न बघता आबांना म्हणाल्या, आमच्याकडचं सगळं जळालं रे भाऊ. पोराला पेरायला बी नाही. इथं मिळतं म्हणून ऐकलं. विकत द्यायचं असेल तर तसं सांग.

थोरली उठून आत गेली. मला वाटलं, आता ही बाई दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहत नाही. ती बाहेर आली ती सूप शिगोशीग भरून. आत्याबाईंनी पिशवी उघडली. थोरलीनं ती पिशवी त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवली, त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर आणलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, पाट मांड. मी मांडला. का ते मला अजून कळलं नव्हतं. तिनं आत्याबाईंना पाटावर बसवलं, पूर्वेकडे तोंड करून, आणि समोर उभी राहिली.

"पदर धरा, आत्याबाई."

आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या उठायलाच लागल्या. "मन्ही ओटी? काय करी ऱ्हायनी व? लोके काय म्हनतीन?"

ओट्यावर शेजारच्या काकू होत्या, बियाण्याला आलेल्या दोघीतिघी होत्या. थोरलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बी शे हाई. बीले काय समजस, कोन सवाशीन नि कोन नही? पहिलं कणीस तुम्हनं व्हतं. ल्या."

मी तोंडाला पदर लावला आणि रडले. लाज वाटली नाही. आत्याबाईंनी आधी भावाकडे पाहिलं, मग पदराची दोन्ही टोकं धरून पुढे पसरली. इतक्या वर्षांत तो पदर कुणापुढे असा पसरला नव्हता, त्यांना नीट धरताही येत नव्हता. थोरलीनं पहिली ओंजळ टाकली, दुसरी टाकली, आणि थांबून आबांकडे बघितलं.

"भर माय," आबा म्हणाले. "पुरी भर."